वाचक विचारतात: बूट लॉग दिसतो, मग जीडीबी का रुसतो?

यावेळी एकाच विषयावर इतकी पत्रं आली की अख्खं सदर त्यालाच देऊन टाकलंय. विषय म्हणजे सिरियल केबल लावून एका मशीनवरून दुसऱ्या मशीनचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) डीबग करणं, म्हणजे त्याला थांबवून आतला घोळ शोधणं. शीर्षकातला जीडीबी म्हणजे त्यासाठी लॅपटॉपवर चालवायचा डीबगर. वागळे इस्टेट, रबाळे, महापे या पट्ट्यात मशीनचे कंट्रोलर बनवणारी आणि ड्रायव्हर लिहिणारी मंडळी भरपूर, त्यामुळे मला फारसं आश्चर्य वाटलं नाही. पत्रं थोडी कापलीयेत. कमांड आणि एरर इथे देवनागरीत छापल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा, आकडेसुद्धा.

प्रश्न (वागळे इस्टेट, ठाणे): नमस्कार मॅडम, आमचं छोटं युनिट आहे, पॅकिंग मशीनचे कंट्रोलर बनवतो. आत इंडस्ट्रियल पीसी, त्यावर लिनक्स आणि आम्हीच लिहिलेला एक ड्रायव्हर. मशीन तासन्‌तास नीट चालतं आणि मधेच गोठतं, कीबोर्ड नाही, नेटवर्क नाही, काहीच नाही. म्हणून केजीडीबी (जीडीबीशी बोलणारा कर्नलमधलाच भाग) लावायचं ठरवलं. पीसीच्या कॉम १ (पहिला सिरियल पोर्ट) मधून केबल काढली, लॅपटॉपला यूएसबी टू सिरियल कन्व्हर्टर लावला. मिनीकॉममध्ये (सिरियल पोर्टवर वाचायचा-लिहायचा प्रोग्रॅम) बूटचा सगळा लॉग स्वच्छ दिसतो, म्हणजे केबल ओके आहे, स्पीड ओके आहे. पण जीडीबीत टार्गेट रिमोट (समोरच्या मशीनला जोडायची कमांड) दिलं की थोडा वेळ थांबतं आणि 'रिमोट रिप्लाइड अनएक्स्पेक्टेडली' असं काहीतरी म्हणत टाइमआउट. कन्व्हर्टर बदलून झाला, कर्नल परत बिल्ड करून झाला. काय राहतंय?

उत्तर: 'म्हणजे केबल ओके आहे' या वाक्यापाशीच मी अडखळले. बूट लॉग दिसला याचा अर्थ इतकाच की पीसीकडून लॅपटॉपकडे येणारी तार आणि ग्राउंड शाबूत आहे. लॅपटॉपकडून पीसीकडे जाणाऱ्या तारेबद्दल लॉग काहीच सांगत नाही, आणि जीडीबीला आधी लागते ती नेमकी तीच तार, कारण बोलायला सुरुवात तो करतो. त्यामुळे कर्नल परत बिल्ड करण्याआधी एकच गोष्ट बघा, मिनीकॉममध्ये लॉगिन प्रॉम्प्ट आल्यावर तुम्ही टाइप केलेली अक्षरं उमटतात का.

उमटत नसतील तर पहिला संशयित मिनीकॉम स्वतःच. त्याच्यात हार्डवेअर फ्लो कंट्रोल सहसा आधीपासूनच चालू असतं, आणि आपल्याकडच्या बहुतेक केबलमध्ये तीनच तारा, त्यामुळे समोरून 'पाठव' अशी परवानगी सीटीएस नावाच्या तारेवर कधी येतच नाही आणि मिनीकॉम बिचारा वाट बघत बसतो. येणारं सगळं दिसतं, जाणारं काहीच जात नाही. कंट्रोल-ए, मग ओ, सिरियल पोर्ट सेटअपमध्ये जाऊन एफ दाबा, ते 'नो' करा. निम्म्या लोकांचं काम इथेच होतं हो.

तरी उमटत नसेल तर केबल. डीबी-९ कनेक्टरवर पीसीच्या बाजूने २ नंबर पिन आरएक्स (येणारं), ३ नंबर टीएक्स (जाणारं), ५ नंबर ग्राउंड. आपल्याला लागते नल मोडेम केबल, म्हणजे इकडची ३ तिकडच्या २ ला, इकडची २ तिकडच्या ३ ला आणि ५ ला ५. दुकानात नुसतं 'सिरियल केबल द्या' म्हटलं की बऱ्याचदा सरळ केबल हातात पडते, मोडेमला लावायची, ती इथे चालत नाही. तपासायला केबल पीसीकडून काढा, त्या मोकळ्या टोकाच्या २ आणि ३ नंबर पिना एका छोट्या जंपर वायरने जोडा (स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवलं तरी चालतं, फक्त बाजूच्या पिनांना लागू देऊ नका) आणि मिनीकॉममध्ये काहीही टाइप करा. लोकल एको बंद असताना अक्षरं परत आली तर लॅपटॉप, कन्व्हर्टर आणि केबल तिघंही सुटले, आता चौकशी पीसीची. फक्त एवढं लक्षात घ्या की सरळ केबलसुद्धा ही टेस्ट पास होते, त्यामुळे केबल क्रॉस आहे का हे मल्टीमीटरच्या बझरवर एकदा बघूनच घ्या.

पीसीच्या बाजूला एक फाइल आहे जी लोक फारशी उघडत नाहीत, प्रॉक खाली टीटीवाय, त्यात ड्रायव्हर, त्यात सिरियल. रूट होऊन कॅट करा. प्रत्येक पोर्टची एक ओळ येते, यूआर्टचा (सिरियल पोर्ट चालवणारी चिप) प्रकार, पत्ता, आयआरक्यू (इंटरप्टचा, म्हणजे हार्डवेअर सीपीयूला मारतं त्या हाकेचा, नंबर) आणि पुढे टीएक्स-आरएक्सचे आकडे. कॉम १ असेल तर पत्ता ३एफ८ आणि आयआरक्यू ४ दिसायला हवं. यूआर्ट 'अननोन' असेल तर बायॉसमध्ये पोर्ट बंद आहे, पुढे वाचूच नका, आधी तो चालू करा. आता लॅपटॉपवरून थोडी अक्षरं पाठवा आणि फाइल परत बघा. आरएक्स वाढला तर अक्षरं पोचतायत. आरएक्सच्या शेजारी एफई नावाचा आकडा उगवला असेल आणि तो वाढतोय, तर ती फ्रेमिंग एरर, म्हणजे अक्षरं पोचतायत पण दोन्हीकडचा बॉड रेट (सिरियलचा स्पीड) जुळत नाही. ओई असेल तर अक्षरं येतायत त्या वेगाने उचलली जात नाहीयेत. आणि आरएक्स जागचा हललाच नाही तर आधी त्या पोर्टवर लॉगिन किंवा दुसरं काही चालू आहे ना ते बघा, पोर्ट कोणी उघडलेलाच नसेल तर आकडा हलत नाही, उगाच केबलला दोष द्याल.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर तुमचा खरा घोळ बहुतेक पुढे आहे. तुम्ही पत्रात कुठेही लिहिलं नाहीये की जीडीबी जोडायच्या आधी कर्नल थांबवला होता. केजीडीबी चालत्या कर्नलमध्ये कान लावून बसलेलं नसतं. कर्नल थांबलेला नसेल तर जीडीबीने पाठवलेलं पॅकेट थेट लॉगिन प्रॉम्प्टवर जाऊन पडतं आणि लॉगिन प्रोग्रॅमला वाटतं कोणीतरी फारच विचित्र युजरनेम टाकतंय, तो पासवर्ड विचारतो, जीडीबीला ते उत्तर वाटतं, आणि मग तुम्ही लिहिलंय तसा 'अनएक्स्पेक्टेडली' येतो. क्रम असा ठेवा. बूट लाइनमध्ये (कर्नलला सुरू होताना दिलेल्या सूचना) केजीडीबीओसी (केजीडीबीने कुठला पोर्ट वापरायचा ते) बरोबर टीटीवायएस०,११५२०० (कॉम १ चं लिनक्समधलं नाव आणि स्पीड) दिलेलं असावं, किंवा चालत्या मशीनवर सिस, मॉड्यूल, केजीडीबीओसी, पॅरामीटर्स खालच्या केजीडीबीओसी फाइलीत टीटीवायएस० लिहा. मग मिनीकॉम उघडा ठेवून रूटने प्रॉक खालच्या सिसआरक्यू-ट्रिगर फाइलीत (सिसआरक्यू म्हणजे कर्नलला थेट आणीबाणीची आज्ञा द्यायची सोय) 'जी' हे अक्षर एको करा. पीसी तिथल्या तिथे गोठेल (गोठायलाच हवा, घाबरू नका) आणि कर्नलमध्ये केडीबी (जीडीबीशिवाय, थेट टाइप करून वापरायचा डीबगर) पण घातलेलं असेल तर मिनीकॉममध्ये केडीबीचा प्रॉम्प्ट येईल.

आता जीडीबी उघडायच्या आधी हाताने एक पॅकेट पाठवून बघा, मला हे फार आवडतं कारण यात मधे कोणी नसतं. केडीबीच्या प्रॉम्प्टवर केजीडीबी लिहून एंटर मारा, तो म्हणेल डीबगर जोडा. मग टाइप करा: डॉलर, प्रश्नचिन्ह, हॅश, तीन, लहान एफ. जीडीबीची सगळी भाषा अशीच आहे, डॉलरने सुरुवात, मग निरोप, मग हॅश आणि शेवटी निरोपातल्या अक्षरांच्या कोडची बेरीज, दोन हेक्स आकड्यांत. इथे निरोप एकाच अक्षराचा, प्रश्नचिन्ह, त्याचा आस्की कोड ३एफ, म्हणून बेरीजही ३एफ. याचा अर्थ 'का थांबलास?' उत्तरात आधी अधिकचं चिन्ह, म्हणजे पॅकेट पोचलं, आणि मग डॉलर, एस, शून्य, पाच, हॅश, बी, आठ. पाच नंबर म्हणजे सिगट्रॅप, डीबगरसाठी थांबल्याची खूण. हे उत्तर स्क्रीनवर दिसलं की केबल, स्पीड, कर्नल सगळं सिद्ध, राहिला फक्त जीडीबी. उत्तर पोचल्याची पावती म्हणून तुम्हीही एक अधिक टाइप करा. बाहेर पडायचं असेल तर डॉलर, डी, हॅश, चार, चार, आणि पुन्हा अधिक, कर्नल चालू होतो.

जीडीबी जोडायच्या वेळी मिनीकॉम बंद करा, पूर्णपणे, नुसती विंडो खाली करून नाही. एकाच पोर्टवरून दोन प्रोग्रॅम वाचायला लागले की काही अक्षरं याला मिळतात काही त्याला, आणि मग 'इग्नोरिंग पॅकेट एरर' अशा ओळी सुरू होतात. पोर्टवर कोण बसलंय ते एलएसओएफ कमांडने बघा. मोडेममॅनेजर असेल तर तो काढा किंवा बंद ठेवा, नवीन सिरियल पोर्ट दिसला की हा मोडेम आहे का म्हणून एटी कमांड पाठवत बसायची त्याची सवय. उबुंटू २२.०४ वर काही कन्व्हर्टर बीआरएलटीटीवायने (अंधांसाठीच्या ब्रेल डिस्प्लेचा प्रोग्रॅम) पळवल्याचंही बऱ्याच जणांनी अनुभवलंय, पोर्ट येतो आणि लगेच गायब होतो. जीडीबीत आधी सेट सिरियल बॉड ११५२००, मगच टार्गेट रिमोट. तरीही अडलं तर सेट डीबग रिमोट १ द्या, काय पाठवलं काय आलं सगळं डोळ्यांसमोर येतं.

पुन्हा वागळे इस्टेट (पुढचं पत्र): मॅडम, जोडलं गेलं! फ्लो कंट्रोल आणि कर्नल न थांबवणं, दोन्ही निघालं. पण आता वेगळंच. एको जी केलं की डीबगरमध्ये जातं, पण मशीन गोठल्यावर एको कुठून करू? मिनीकॉममधून ब्रेक पाठवून जी दाबलं तर काहीच होत नाही.

उत्तर: सिसआरक्यूचा आकडा बघा. प्रॉक, सिस, कर्नल, सिसआरक्यू. उबुंटूवर तिथे १७६ सापडेल. तो १२८, ३२ आणि १६ अशा परवानग्यांची बेरीज आहे, म्हणजे रीबूट करा, डिस्क रीड-ओन्ली करा, सिंक करा, एवढंच. डीबगर त्यात नाही. गंमत अशी की ट्रिगर फाइलीत रूटने लिहिलेल्याला ही परवानगी लागत नाही पण कीबोर्ड किंवा सिरियल ब्रेकवरून आलेल्याला लागते, म्हणून तुमचं एक चालतं आणि दुसरं नाही. तिथे १ करा, आणि रीबूटनंतर टिकावं म्हणून सिसकंट्रोलच्या कॉन्फिगमध्येही टाका. टेस्ट बेंचवरच्या पीसीवर हां, गिऱ्हाइकाकडे जाणाऱ्या मशीनवर नाही.

ब्रेक म्हणजे कीबोर्डवरचं बटण नव्हे, लाइन एका अख्ख्या अक्षराहून जास्त वेळ खाली धरून ठेवणं. मिनीकॉममध्ये कंट्रोल-ए आणि एफ, स्क्रीन नावाच्या प्रोग्रॅममध्ये कंट्रोल-ए आणि बी, पुट्टीमध्ये स्पेशल कमांडच्या मेन्यूत. त्यानंतर ५ सेकंदांच्या आत जी. हे सगळं जीडीबीतूनच व्हावं असं वाटत असेल तर सेट रिमोट इंटरप्ट-सिक्वेन्स ब्रेक-जी द्या, मग जीडीबीत कंट्रोल-सी दाबलं की तोच ब्रेक आणि जी पाठवतो. नुसतं साधं कंट्रोल-सी चालत्या कर्नलला कळत नाही.

आता खरी भीती. तुमचा ड्रायव्हर इंटरप्ट बंद करून लॉकमध्ये अडकत असेल, आणि तुम्ही केलेल्या वर्णनावरून मला तसंच वाटतंय, तर ब्रेकसुद्धा पोचणार नाही, कारण ब्रेक आल्याचं कळवायला यूआर्टचाही इंटरप्टच लागतो आणि तो ज्या सीपीयूकडे जातो तोच अडकलेला असला की झालं. अशावेळी एनएमआय वॉचडॉग (बंद करता न येणारा इंटरप्ट वापरून गोठलेला सीपीयू ओळखणारा पहारेकरी) चालू करा आणि हार्डलॉकअप-पॅनिक १ ठेवा. वॉचडॉगचा उंबरठा डिफॉल्टने १० सेकंदांचा असतो, तेवढा वेळ सीपीयूवर टायमर इंटरप्ट आला नाही की एनएमआय येऊन पॅनिक होतं (कर्नल हात टेकतो) आणि पॅनिक झालं की केजीडीबी आपोआप पुढे येतं. एकच अट, कर्नल डॉट पॅनिक शून्य ठेवा. तिथे काही आकडा असेल, म्हणजे 'पॅनिकनंतर इतक्या सेकंदांनी रीबूट कर' असं सांगितलेलं असेल, तर नवे कर्नल डीबगरमध्ये थांबत नाहीत, कोणी बघायला नाही असं धरून रीबूट होतात. इंडस्ट्रियल पीसीच्या इमेजमध्ये हा आकडा हमखास भरलेला असतो.

प्रश्न (कळवा): ताई, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी रास्पबेरी पाय ३ वर कर्नल मॉड्यूल लिहितेय. सिरियलवर कधी नीट अक्षरं येतात कधी नुसता कचरा, बोर्डवर लोड आला की जास्तच. मैत्रिणीकडे जुनी डीबी-९ केबल आहे, तिची टोकं कापून पायच्या पिनांना डायरेक्ट जोडली तर चालेल का?

उत्तर: नको गं बाई, कैची खाली ठेव! डीबी-९ वर आरएस-२३२ असतं, त्यात व्होल्टेज ३ ते १५ पर्यंत, तेही अधिक आणि उणे दोन्ही बाजूंना. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या, ५ व्होल्टसुद्धा सहन न करणाऱ्या. पिन जाईल किंवा अख्खी चिप जाईल. तुला हवाय ३.३ व्होल्टचा यूएसबी टू टीटीएल कन्व्हर्टर, तीन-चार सुट्या तारांवाला, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. पायची ६ नंबर पिन ग्राउंड, ८ नंबर टीएक्स, १० नंबर आरएक्स. कन्व्हर्टरची आरएक्स तार ८ ला आणि टीएक्स १० ला, एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाशी. ५ व्होल्टची लाल तार मोकळीच सोड, पायला त्याचा स्वतःचा अडॅप्टर आहे.

कचऱ्याचं कारण पाय ३ ची रचना. त्यात दोन यूआर्ट आहेत, एक चांगलं, पीएल०११, ते ब्लूटूथला दिलेलं असतं, आणि पिनांवर येतं ते मिनी यूआर्ट, ज्याचा बॉड रेट कोरच्या क्लॉकवरून निघतो. लोड आला, क्लॉक बदललं, की बॉड रेटही सरकतो आणि अक्षरांचा कचरा. कॉन्फिग डॉट टीएक्सटीमध्ये एनेबल_यूआर्ट=१ लिहिलंस की कोरचा क्लॉक बांधला जातो. पण डीबगिंग करणार असशील तर मी म्हणेन ब्लूटूथलाच सुट्टी दे, डीटीओव्हरले=डिसेबल-बीटी, मग पिनांवर पीएल०११ येतं. मात्र त्याबरोबर नावही बदलतं, मिनी यूआर्ट टीटीवायएस० असतं आणि पीएल०११ टीटीवायएएमए०, तर केजीडीबीओसीला नवीन नाव द्यायला विसरू नकोस. आणि अजून एक, पायच्या यूएसबीत कन्व्हर्टर खुपसून त्यावर केजीडीबी चालवायच्या फंदात पडू नकोस. कर्नल थांबल्यावर इंटरप्टशिवाय एकेक अक्षर ओढून घेता येईल असाच पोर्ट केजीडीबीला चालतो, यूएसबी कन्व्हर्टरला ते जमत नाही. कन्व्हर्टर तुझ्या लॅपटॉपच्या बाजूला.

प्रश्न (ऐरोली): आम्ही विंडोजचे ड्रायव्हर लिहितो. व्हीएमवेअरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये (व्हीएम) टार्गेट, म्हणजे ज्याचं डीबगिंग करायचं ते विंडोज, बाहेर विनडीबीजी (विंडोजचा डीबगर), मधे नेम्ड पाइप (दोन प्रोग्रॅमना जोडणारी नळी). बीसीडीएडिटने (बूटची सेटिंग बदलायची कमांड) डीबग ऑन केलंय, डीबगपोर्ट १, बॉडरेट ११५२००. विनडीबीजी 'वेटिंग टू रीकनेक्ट' म्हणून तासभर बसून राहतं.

उत्तर: डीबगपोर्ट २ करून बघा. व्हीएममध्ये व्हर्च्युअल प्रिंटर असेल तर पहिला सिरियल पोर्ट तो अडवतो, आणि तुम्ही नंतर घातलेला पोर्ट आतल्या विंडोजला कॉम २ म्हणून दिसतो. सेटिंगमध्ये 'सिरियल पोर्ट २' असं नाव दिसत असेल तर हेच. प्रिंटर काढून टाका नाहीतर आकडा बदला, मला विचाराल तर काढाच, टेस्टच्या व्हीएममध्ये प्रिंटर कशाला. बदलल्यावर रीबूट हवाच.

बाकी पाइपचं नाव दोन्हीकडे अक्षरन्‌अक्षर सारखं, व्हीएमच्या बाजूला 'हे टोक सर्व्हर' आणि 'समोर ॲप्लिकेशन' असं निवडलेलं, आणि त्याच पानावर 'यील्ड सीपीयू ऑन पोल' ला टिक. बीसीडीएडिट ॲडमिन प्रॉम्प्टमधून चालवा आणि नुसतं बीसीडीएडिट डीबीजीसेटिंग्ज देऊन खरंच काय साठवलं गेलंय ते वाचा. सिक्युअर बूट चालू असेल तर ते सेटिंग घेतच नाही, धोरणाने सुरक्षित आहे असा एरर देतं, आधी ते बंद करा, आणि खऱ्या मशीनवर हे करणार असाल तर त्याआधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) सस्पेंड करा नाहीतर पुढच्या बूटला रिकव्हरी की शोधत बसाल. जोडलं गेलं तरी विनडीबीजी आपणहून थांबत नाही, कंट्रोल-ब्रेक दाबावं लागतं, आणि दाबल्यावर व्हीएम दगडासारखं होतं ते बरोबरच आहे. मात्र तुम्ही विंडोज ८ किंवा पुढचंच वापरताय ना? मग सिरियलचा हट्ट सोडा आणि केडीनेट लावा, नेटवर्कवरून चालतं आणि वेगात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पोर्ट ५०००० ते ५००३९ मधला घ्या आणि विनडीबीजीच्या बाजूच्या फायरवॉलमध्ये तो उघडा.

प्रश्न (कोपरखैरणे): जोडणी उत्तम झालीये, तक्रार वेगाची. बॅकट्रेस (कुठल्या फंक्शनने कुठल्याला बोलावलं ती यादी) मागितला की चहा पिऊन यावं. आणि कधीकधी मी व्हेरिएबल बघत असतानाच बोर्ड आपणहून रीबूट होतो.

उत्तर: ११५२०० बॉड म्हणजे सेकंदाला ११,५२० बाइट, कारण ८ बिटांच्या प्रत्येक बाइटला एक स्टार्ट आणि एक स्टॉप बिट जोडून १० होतात. आकडा लहान आहे पण बॅकट्रेसला तसा पुरतो. वेळ जातो तो बाइट वाहण्यात नाही, वाट बघण्यात. जीडीबी मेमरीचे छोटे-छोटे तुकडे मागतो, एक उत्तर आलं की मग पुढचा प्रश्न. तुमचा कन्व्हर्टर एफटीडीआय चिपचा असेल तर त्यात लेटन्सी टायमर असतो, डिफॉल्ट १६ मिलिसेकंद, म्हणजे छोटं उत्तर आलं तरी अजून काही येतंय का म्हणून तो तेवढा वेळ धरून ठेवतो. शेकडो प्रश्नांवर हे गुणा. सिस, बस, यूएसबी-सिरियल, डिव्हाइसेस, टीटीवाययूएसबी०, तिथे लेटन्सी_टायमर फाइल आहे, त्यात १ लिहा आणि लगेच फरक बघा. मल्टी-थ्रेड बॅकट्रेस उगाच मागू नका, लिनक्सचा प्रत्येक टास्क जीडीबीला थ्रेड म्हणून दिसतो आणि तो सगळ्यांची विचारपूस करत बसतो.

रीबूट होतोय तो हार्डवेअर वॉचडॉग. कर्नल थांबला की वॉचडॉगला थोपटणारं कोणी उरत नाही, आणि वेगळी चिप असेल तर तिला काय माहीत तुम्ही डीबग करताय. बायॉसमध्ये किंवा बोर्डाच्या सेटिंगमध्ये बंद करा, आणि सिस्टमडीच्या कॉन्फिगमध्ये रनटाइमवॉचडॉगसेक भरलेलं आहे का तेही बघा.

प्रश्न (नेरूळ): ब्रेकपॉइंट ('इथे थांब' अशी खूण) लागला म्हणतो पण तिथे कधीच थांबत नाही, आणि बॅकट्रेसमध्ये भलत्याच फंक्शनची नावं. व्हीएमलिनक्स फाइल (जीडीबी कर्नलमधली नावं आणि पत्ते जिच्यातून घेतो ती) तर मीच बिल्ड केलेली आहे.

उत्तर: बूट लाइनमध्ये नोकेएएसएलआर टाका. एक्स८६ वर (इंटेल-एएमडीचे नेहमीचे पीसी) कर्नल दर बूटला मेमरीत वेगळ्या जागी जाऊन बसतो, यालाच केएएसएलआर म्हणतात, २०१७ च्या ४.१२ पासून हे डिफॉल्टच आहे, आणि जीडीबी मात्र व्हीएमलिनक्समध्ये लिहिलेल्या पत्त्यांवर विश्वास ठेवतो. खात्री करायची असेल तर जोडल्यावर लिनक्स_बॅनर प्रिंट करा. कर्नलचं व्हर्जन आणि बिल्डची तारीख असलेली ओळ आली आणि ती टार्गेटवरच्या प्रॉक, व्हर्जनशी तंतोतंत जुळली तर पत्ते बरोबर आहेत. कचरा आला किंवा मेमरी वाचता येत नाही म्हणाला तर केएएसएलआर. ओळ आली पण तारीख वेगळी, तर व्हीएमलिनक्स जुनी आहे, मधे कधीतरी परत बिल्ड केलंत आणि टार्गेटवर टाकायचं राहिलं, किंवा उलट.

आणि कोड मॉड्यूलमधला असेल तर नुसती व्हीएमलिनक्स पुरत नाही. कर्नल बिल्ड करताना जीडीबी स्क्रिप्ट्सचा पर्याय चालू ठेवा, जीडीबीत एलएक्स-सिम्बॉल्स द्या आणि पुढे मॉड्यूलच्या बिल्ड फोल्डरचा पाथ. स्क्रिप्ट लोड करायला जीडीबी नकार देत असेल तर त्याच्या ऑटो-लोड सेफ-पाथमध्ये तुमचं कर्नलचं फोल्डर घाला. मॉड्यूल काढून परत घातलं की ते नव्या पत्त्यावर जातं, तेव्हा ब्रेकपॉइंट पुन्हा एकदा तपासा.